अवधूताचे कीटकगुरू : संतसाहित्यातील जीवसृष्टीशी संवादाची मीमांसा

१. प्रश्नाचे स्वरूप

संतसाहित्यातील मानवेतर जीवसृष्टी हा विषय मराठी समीक्षेला अपरिचित नाही. तथापि त्याची मांडणी बहुधा तीन ठरावीक शीर्षकांखाली होत आली आहे : भूतदया, निसर्गप्रेम आणि चमत्कार. वर्गात शिकवतानाही हीच शीर्षके हाताशी असतात. ज्ञानेश्वरांचा रेडा चमत्काराच्या सदरात जातो, एकनाथांचे गाढव भूतदयेच्या आणि तुकोबांची वृक्षवेली निसर्गप्रेमाच्या. वर्गीकरण सोयीचे असले तरी त्यामुळे एक मूलभूत प्रश्न मागे पडतो. कीटक, पक्षी, पशू यांच्याशी माणसाचा आध्यात्मिक संवाद होतो असे संतपरंपरा मानते, तेव्हा त्या संवादात बोलते कोण, ऐकते कोण आणि बदल घडतो तो कोणात?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना संवादाचे चार प्रकार वेगळे करावे लागतात. पहिल्यात प्राणी मानवी वाणीने बोलतो. दुसऱ्यात तो न बोलता शिकवतो. तिसऱ्यात माणूस निरुपद्रवी होतो आणि प्राण्याची भीती सरते. चौथ्यात दोघांमध्ये मर्यादेचा एक करार असतो. पहिले तीन प्रकार मुख्यतः ग्रंथगत आहेत, तर चौथा लोकधर्मात आढळतो. या चारही प्रकारांचा एकत्र विचार करण्यास नाशिक परिसर विशेष अनुकूल आहे. त्र्यंबकेश्वर हे निवृत्तिनाथांचे समाधिस्थान. पेठ, सुरगाणा, इगतपुरी या तालुक्यांत वाघदेवाची उपासना टिकून आहे. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत माणूस आणि कीटक यांचा व्यवहार रोजचा आहे. म्हणून ग्रंथांतील प्रश्न येथे केवळ ग्रंथांतला राहत नाही.

२. बोलणारा प्राणी

पैठणच्या ब्रह्मसभेत रेड्याच्या मुखातून वेद वदवल्याची कथा मराठी मनात खोल रुजलेली आहे. पुणे जिल्ह्यातील आळे येथे त्या रेड्याची समाधीही दाखवली जाते. कथेचा ऐतिहासिक निर्णय हा येथे विषय नाही. संवादाच्या दृष्टीने पाहता एक गोष्ट मात्र लक्षात घ्यावी लागते : या कथेत रेडा स्वतःचे काहीच सांगत नाही. तो बोलतो ते वेद, म्हणजे सभेतील विद्वानांची भाषा. त्याच्या पाठीवरचा मार, त्याची तहान, त्याचे ओझे यांना त्या वाणीत स्थान नाही. कथेचा रोख रेड्याकडे नसून सभेकडे आहे. वेदाचा अधिकार जन्मावर ठरवणाऱ्यांना रेड्याच्या मुखाने उत्तर दिले जाते. रेडा हा येथे साक्षीदार आहे. संवादातील दुसरा पक्ष नाही.

तरीही कथेचा एक धागा पुढील विवेचनास उपयोगी आहे. चरित्रपरंपरेतील काही निवेदनांत रेड्याच्या पाठीवर मारलेल्या आसुडाचे वळ ज्ञानेश्वरांच्या पाठीवर उमटल्याचे सांगितले जाते. वेद वदवण्याच्या प्रसंगापेक्षा हा प्रसंग अधिक अर्थगर्भ मानावा लागेल. येथे प्राण्याला माणसाची भाषा मिळत नाही. माणसाला प्राण्याची वेदना मिळते. वाणी एका दिशेने गेली आणि वेदना उलट दिशेने आली. या दोन दिशांतील भेद पुढे वारंवार भेटणार आहे.

३. शिकवणारा कीटक

भागवताच्या एकादश स्कंधातील यदु-अवधूत संवाद हा कीटकांकडे गुरू म्हणून पाहणारा सर्वांत महत्त्वाचा उतारा होय. एकनाथांनी या स्कंधावर ओवीबद्ध टीका रचली. पैठणला आरंभलेला हा ग्रंथ इ. स. १५७३ मध्ये वाराणसी येथे पूर्ण झाला. एकतीस अध्याय आणि अठरा हजारांहून अधिक ओव्यांच्या या ग्रंथात सात ते नऊ हे अध्याय अवधूताच्या चोवीस गुरूंना वाहिलेले आहेत. पृथ्वी, वायू, आकाश, जल, अग्नी, चंद्र, सूर्य यांपासून सुरू होणारी ही यादी कपोत, अजगर, हत्ती, हरिण, मासा, कुरर पक्षी, सर्प अशी जीवसृष्टीतून हिंडते. पिंगला वेश्या, बालक, कुमारी आणि बाण घडवणारा कारागीर ही माणसेही तीत आहेत. कीटकवर्गापैकी पतंग, मधमाशी आणि भृंगी हे तीन गुरू होत. परंपरा ज्याला कीटकांतच गणते तो कोळी हा चौथा.

या गुरुपरंपरेचे वैशिष्ट्य असे की, यांपैकी एकाही गुरूने उपदेश केलेला नाही. मस्तकावर हात ठेवणे, मंत्र देणे, शिष्याची परीक्षा पाहणे यांपैकी काहीच येथे घडत नाही. हे गुरू आपल्या बुद्धीच्या आधारे स्वीकारले, असे अवधूत स्पष्ट सांगतो. एकनाथ हाच धागा विस्तारतात : ज्याचा गुण घेतला तो गुरू. काहींचे गुण ग्रहण करण्यासाठी, तर काहींचे दोष त्यागासाठी. म्हणजे गुरुत्व हे कीटकाच्या ठायी असलेले पद नाही. ते शिष्याच्या पाहण्यातून उत्पन्न झालेले नाते आहे. मधमाशीला आपण गुरू असल्याची वार्ताही नसते.

मधमाशीचे दोन धडे या उताऱ्यात आहेत आणि ते परस्परविरुद्ध दिशांचे आहेत. फुलाला इजा न करता ती थोडेथोडे घेते. संन्याशाने गृहस्थांच्या दारी असेच थोडेथोडे मागावे, तसेच लहानमोठ्या सर्व शास्त्रांतून सार घ्यावे. हे ग्रहणार्थ. उलट ती साठवते, आणि साठ्यासकट लुबाडली जाते. हे त्यागार्थ. पहिल्या धड्याने मराठी भाषेला ‘माधुकरी’ हा शब्द दिला. पाच घरी मागून जेवणारा विद्यार्थी एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील पुणे-नाशिकसारख्या गावांत परिचित होता. त्याची वृत्ती कीटकाच्या नावाने ओळखली जात असे, याचे भान आज वाचकाला राहिलेले नाही. एका कीटकाच्या निरीक्षणातून एक सामाजिक व्यवस्था आणि तिचा नीतिनियम आकाराला यावा, हे भाषेच्या अभ्यासकाने नोंदवण्यासारखे आहे. माधुकरी मागणाऱ्याने एकाच घरावर भार टाकायचा नाही, हा नियम फुलावरून आला आहे.

४. निरीक्षण, आरोप आणि अनुमान

अवधूताचे गुरू आज शिकवताना प्राध्यापकासमोर एक अडचण उभी राहते. विद्यार्थी विचारतो, हे सारे खरे आहे काय? प्रश्न रास्त आहे आणि ‘हे रूपक आहे’ एवढे सांगून तो टाळता येत नाही. कारण अवधूताचा दावाच मुळी पाहण्याचा आहे. ज्या दाव्याचा आधार निरीक्षण असेल, त्याची तपासणीही निरीक्षणानेच व्हावी. अशी तपासणी केली असता चार कीटकगुरूंची चार वेगवेगळी गत होते.

कोळ्याचे उदाहरण प्रथम घेऊ. तो आपल्या अंतरातून जाळे काढतो, त्यात विहार करतो आणि पुन्हा गिळून टाकतो. परमेश्वर विश्वाची उत्पत्ती व संहार तसाच करतो, असा तो दृष्टान्त. मुंडकोपनिषदातही कोळ्याचा दृष्टान्त आला आहे. चक्राकार जाळी विणणाऱ्या कोळ्यांच्या अनेक जाती जुने जाळे खरोखर खाऊन टाकतात आणि त्यातील द्रव्य नव्या जाळ्यासाठी वापरतात. येथे प्राचीनांचे निरीक्षण बिनचूक आहे.

मधमाशीच्या बाबतीत निरीक्षण खरे आहे, परंतु अपुरे. कार्ल फॉन फ्रिश या शास्त्रज्ञाने मधमाश्यांच्या नृत्याचा उलगडा केला आणि १९७३ मध्ये त्याला नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. अन्नाची दिशा आणि अंतर माशी पोळ्यावरील आपल्या नाचातून इतर माश्यांना कळवते. अवधूताला साठवणारी माशी दिसली. आपसांत सांगणारी माशी दिसली नाही. कीटकांना संवाद आहे, फक्त तो आपल्याशी नाही, ही जाणीव अध्यात्माच्या अभ्यासकालाही नम्र करणारी आहे.

पतंगाच्या दृष्टान्तात आरोप येतो. रूपाच्या मोहाने पतंग ज्योतीवर झेपावतो, तसा कामी पुरुष नाश पावतो. मात्र २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात वेगवान छायाचित्रणाने असे दाखवण्यात आले की, उडणारे कीटक आपली पाठ प्रकाशाकडे वळवून तोल सांभाळतात. आकाश हेच प्रकाशाचे स्थान असते तोवर ही सवय उपकारक ठरते; दिवा जवळ आला की तीच त्यांना त्याच्याभोवती फिरत ठेवते. अर्थात पतंगाला मोह नसतो. त्याची दिशा चुकवली गेलेली असते. मोह माणसाचा, आणि तो माणसाने पतंगावर घातला.

चौथे उदाहरण भृंगीचे. ते सर्वांत प्रसिद्ध आणि सर्वांत कठीण आहे. भृंगी, म्हणजे मातीचे घर बांधणारी कुंभारीण माशी, एका अळीला आपल्या घरात कोंडते. कोंडलेली अळी भीतीने भृंगीचे अखंड ध्यान करते आणि तिचेच रूप पावते. प्रेमाने, द्वेषाने वा भयाने ज्याचे चिंतन करावे, त्याचे सारूप्य लाभते, असा सिद्धान्त. ‘कीटक-भृंगी न्याय’ म्हणून तो वेदान्तात आणि संतवाङ्मयात सर्वत्र आढळतो. निरीक्षणाचा भाग असा : अळी मातीच्या घरात नेली जाते आणि काही काळाने तेथून कुंभारीण बाहेर पडते. हे डोळ्यांनी दिसते. अनुमान मात्र चुकले आहे. कुंभारीण अळीला डंख मारून बधिर करते आणि आपल्या अंड्यासाठी अन्न म्हणून कोंडते. अंड्यातून निघालेला जीव त्या जिवंत अळीवर पोसतो आणि माशी होऊन उडतो. फ्रेंच कीटकनिरीक्षक झाँ आंरी फाब्र याने शिकारी माश्यांच्या या वर्तनाचे बारकाईने वर्णन केले. त्याच्या कीटकविषयक आठवणींचे दहा खंड १८७९ पासून प्रसिद्ध होत गेले. भृंगी झालेली अळी नसून, अळी खाल्लेले भृंगीचेच पिल्लू होय.

मग हा न्याय वर्गात कसा शिकवावा? दोन वाटा सोप्या आहेत आणि दोन्ही चुकीच्या. एक, शास्त्राकडे पाठ फिरवून अळी खरोखर भृंगी होते असे सांगणे. दुसरी, दृष्टान्त कोसळला म्हणून सिद्धान्तही टाकून देणे. दृष्टान्त हा सिद्धान्ताचा पुरावा नसतो. तो सिद्धान्ताचा प्रकाश असतो. ध्यानाने मनाचे रूप बदलते हा साधकाचा अनुभव अळीवर अवलंबून नाही. परंतु म्हणून अळीच्या बाजूने काहीच बोलायचे नाही काय? मातीच्या त्या घरात एक जीव जिवंतपणी खाल्ला जात होता आणि शतकानुशतके त्यात मोक्ष पाहिला गेला. दुसऱ्या जीवाच्या दुःखावर आपला अर्थ किती सहज चढवता येतो, याचे इतके बोलके उदाहरण दुसरे नसेल. भृंगीचा न्याय आजही शिकवण्यासारखा आहे, पण दोन धड्यांसह : एक साधकासाठी आणि एक पाहणाऱ्यासाठी. मधमाशीप्रमाणे हाही गुरू एकाच वेळी ग्रहणार्थ आणि त्यागार्थ ठरतो, आणि हा विवेक एकनाथांच्या स्वतःच्या वर्गीकरणात बसणाराच आहे.

५. निर्भय होणारा प्राणी

आरोपापासून सुटण्याची वाट संतवाङ्मयातच आहे. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाच्या लक्षणांत अहिंसेचे जे विस्तृत विवेचन येते, त्यात प्राण्याने काय शिकवावे असा विचार नाही. माणसाने कसे चालावे, श्वास कसा घ्यावा, कसे बोलावे, कसे पाहावे, हात कसा उचलावा असा विचार आहे. बगळा पाण्यावर किंवा भ्रमर कमळावर ज्या हळुवारपणे पाऊल टाकतो, तसे पाऊल तो पुरुष भूमीवर टाकतो; कारण अणुरेणूंतही जीव भरलेले आहेत. वाचेविषयीचे विवेचन तर संवादाची कल्पनाच उलटी करते. शब्द कुणाला लागेल या भयाने तो बोलतच नाही. बोलावेच लागले, तर आधी स्नेह पुढे जातो आणि शब्द मागून येतात. म्हणजे ज्ञानेश्वरांच्या मते वाणी हे संवादाचे पहिले पाऊल नाही. ते शेवटचे आहे. चालणे, श्वास आणि मुद्रा यांनी आधीच सारे सांगून झालेले असते.

याच विवेचनाच्या आरंभी ज्ञानेश्वर अहिंसेविषयीच्या प्रचलित मतांचा परामर्श घेतात. यज्ञासाठी प्राणी मारून अहिंसा साधू पाहणाऱ्या मीमांसकांबरोबर ते वैद्यकशास्त्रालाही सोडत नाहीत. एका जीवाच्या रक्षणासाठी दुसरा जीव दुखवणे, मुळे खणणे, झाडे तोडणे, साली काढणे, ही कसली अहिंसा, असा त्यांचा प्रश्न आहे. हा प्रश्न आजच्या नाशिकच्या शेतशिवारात नव्या अर्थाने ऐकू येतो. द्राक्षबागेत कीटकनाशक फवारण्याला शेतकरी ‘औषध मारणे’ म्हणतो. ‘औषध’ आणि ‘मारणे’ हे दोन शब्द एकाच क्रियापदात नांदतात. पीक वाचवणे ही त्याची निकड आहे आणि तिची टिंगल करण्याचा अधिकार माडीवर बसून ज्ञानेश्वरी वाचणाऱ्याला नाही. ज्ञानेश्वरांनीही वैद्याला दुष्ट म्हटलेले नाही. त्याच्या कृतीतील विसंगती दाखवली आहे. विसंगतीचे भान ठेवून केलेली हिंसा आणि भान हरपून केलेली हिंसा यांत फरक आहे. भाषेचा अभ्यासक एवढे नक्की पाहू शकतो की, त्या शिवारात कीटकासाठी ‘कीड’ हा एकच शब्द उरत चालला आहे, आणि ‘कीड’ म्हणजे केवळ नासाडी. ज्या भाषेत मधुकरावरून माधुकरी घडली, त्याच भाषेतील हा संकोच आहे.

ज्ञानेश्वरांनी लक्षणरूपाने सांगितलेली ही अवस्था चरित्रवाङ्मयात प्रसंगरूपाने भेटते. लीळाचरित्रातील सशाची लीळा प्रसिद्ध आहे. शिकाऱ्यांपासून पळणारा ससा चक्रधरांच्या मांडीखाली येऊन लपतो. शिकारी त्याला मागतात, चक्रधर शरण आलेल्याला देत नाहीत आणि शिकारी गेल्यावर त्याला सोडून देतात. सशाला त्यांनी पाळले नाही, त्याच्याशी बोलण्याचा आव आणला नाही. त्याने आसरा शोधला, त्यांनी दिला आणि मग वाट मोकळी केली. संवाद यापेक्षा अधिक शब्दांचा असण्याची गरज नव्हती.

महीपतींच्या चरित्रग्रंथांतील तुकोबा आणि पाखरांचा प्रसंग याहून सूक्ष्म आहे. वाटेने जाताना तुकोबांना पाहून दाणे टिपणारी पाखरे उडून गेली. हा त्यांना आपलाच दोष वाटला : सर्वांभूती एकच आत्मा म्हणावे आणि पाखरांनी आपल्याला भ्यावे! ते तेथेच स्तब्ध उभे राहिले, पाखरे निर्भयपणे अंगावर येऊन बसेपर्यंत. हा प्रसंग तेराव्या शतकातील इटलीच्या असिसीच्या संत फ्रान्सिसच्या कथेशी ताडून पाहावा. फ्रान्सिसने पाखरांना प्रवचन दिले आणि पाखरांनी ते ऐकले, असे त्याच्या चरित्रात सांगितले आहे. तुकोबा पाखरांना काही सांगत नाहीत. पाखरांचे उडून जाणे हेच त्यांना सांगणे वाटते. पुढे बदलतात ते तुकोबा, पाखरे नव्हे. दोन्ही कथांत प्रेम आहे, पण एकीत माणूस वक्ता आहे आणि दुसरीत तो श्रोता आहे.

वृक्ष, वेली आणि वनचर यांना सोयरे मानणारा तुकोबांचा अभंगही या प्रकाशात पुन्हा वाचावा. बहुतेक पाठ्यपुस्तकांत तो वृक्षप्रेमाचा उद्घोष म्हणून येतो. परंतु अभंगात झाडे बोलत नाहीत, पक्षी गातात ते आपल्या स्वराने, आणि अखेरीस जो संवाद होतो तो मनाचा मनाशी. जीवसृष्टी येथे बोलणारी नसून, ज्या सान्निध्यात माणूस स्वतःशी प्रामाणिकपणे बोलू शकतो असा सहवास आहे. ‘सोयरे’ हा शब्दही विचार करण्याजोगा आहे. ‘सगेसोयरे’ या जोडशब्दाच्या रूढ व्यवहारात सगे रक्ताचे आणि सोयरे जोडलेले. सोयरीक आपोआप होत नाही. ती जुळवावी लागते, तिचे मानपान सांभाळावे लागतात, आणि ती मोडूही शकते.

६. मर्यादेचा करार

सोयरिकीचा हा अर्थ लोकधर्मात प्रत्यक्ष वर्तनात उतरलेला दिसतो. नागपंचमीची कहाणी हे त्याचे घरोघरचे उदाहरण. शेतकऱ्याच्या नांगराने नागिणीची पिल्ले मरतात, ती सूड घेते, आणि भक्तिभावाने पूजा करणाऱ्या लेकीमुळे शांत होते. या कहाणीतून जो नियम निघतो तो बोलण्याचा नाही, थांबण्याचा आहे : त्या दिवशी नांगरू नये, खणू नये, चिरू नये. एक दिवस जमीन तिच्यातल्या जीवांकडे सोपवायची. मुंग्यांच्या वारुळाशी साखर-पीठ घालण्याच्या प्रथेतही हाच भाव आहे.

नाशिकच्या पश्चिम पट्ट्यातील कोकणा, वारली, महादेव कोळी या समाजांतील वाघदेव हे या कराराचे अधिक प्रखर रूप होय. गावाच्या वेशीशी वा रानात लाकडी किंवा दगडी खांबावर वाघ, नाग, चंद्र, सूर्य कोरलेले असतात. आश्विन वद्य द्वादशीस, नागर समाज गायवासराची वसुबारस करतो तेव्हा, येथे वाघबारस होते. गुरे राखणाऱ्यांना या दिवशी विशेष मान असतो. दोन सणांची तिथी एकच असावी हे अर्थपूर्ण आहे : एकाच दिवशी गायही पूजली जाते आणि तिला खाऊ शकणारा वाघही. वाघदेवाची उपासना वाघाला गोड मानत नाही. तो गुरे नेतो, माणसालाही भय आहे, हे मान्य करूनच त्याच्याशी नाते जोडले जाते. वारली समाजातील वाघोबाविषयी २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातही या नात्याचे परस्परसंबद्ध स्वरूप नोंदवले आहे : माणसाने विधी आणि मान सांभाळावा, वाघोबाने राखण करावी. उपासनेने हल्ले थांबतात असा याचा अर्थ नव्हे. नुकसान झाल्यावरही शेजार मोडत नाही, असा आहे. निफाड-सिन्नरच्या उसात बिबट्यांचा वावर नित्याचा झालेल्या काळात या भेदाचे मोल विशेष आहे. जेथे वाघदेवाची परंपरा नाही, तेथे बिबट्या हा केवळ उपद्रव असतो. जेथे आहे, तेथे तो उपद्रवी का होईना, पण वतनदार असतो.

या पार्श्वभूमीवर त्र्यंबकेश्वरची निवृत्तिनाथांची आख्यायिका नव्याने अर्थपूर्ण होते. विठ्ठलपंत कुटुंबासह ब्रह्मगिरीला प्रदक्षिणा घालत असता वाघ समोर आला. पळापळीत निवृत्ती एकटे पडले आणि गहिनीनाथांच्या गुहेत शिरले. तेथे त्यांना अनुग्रह झाला, आणि निवृत्तींकडून तो ज्ञानेश्वरांना. वारकरी परंपरेच्या गुरुमालिकेत अशा रीतीने एक वाघ उभा आहे. तो बोलत नाही, उपदेश करत नाही, कुणाला खातही नाही. त्याच्यामुळे वाट बदलते. पौष वद्य एकादशीच्या यात्रेत निवृत्तिनाथांच्या समाधीपुढे लाखो वारकरी नतमस्तक होतात. त्या वाघाची मात्र समाधी नाही. आळ्याच्या बोलक्या रेड्याला ती आहे. परंपरेच्या स्मरणातही वाणीला मौनापेक्षा अधिक मान मिळाला, असे यावरून म्हणता येईल.

७. आधुनिक कवितेतील प्रतिध्वनी

आधुनिक मराठी कवितेत हा प्रश्न रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या (१८६१-१९१९) रचनांत प्रकर्षाने येतो. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे माहेर नाशिकजवळील जलालपूर. टिळकांच्या ‘केवढे हे क्रौर्य’ या कवितेत बाणाने विद्ध झालेली पक्षीण बोलते. ‘वनवासी फूल’ या दीर्घ कवितेत कवी आणि रानफूल यांचा संवाद आहे. वरवर पाहता ही पहिल्या प्रकाराची, म्हणजे बोलणाऱ्या प्राण्याची परंपरा. परंतु पैठणच्या रेड्याप्रमाणे टिळकांची पक्षीण शास्त्र सांगत नाही. ती आपल्या पिलांचे बोलते. प्राण्याच्या मुखी प्राण्याचेच दुःख घालण्याची ही दृष्टी मराठी कवितेत महत्त्वाचा टप्पा ठरते. तरीही शब्द माणसाचे आहेत आणि शोक मानवी आईचा आहे. टिळक आरोप टाळत नाहीत. ते त्याला करुणेच्या कामाला लावतात. आरोप स्वतः दोषी नसतो. तो कोणाच्या बाजूने केला जातो यावर त्याची नैतिक किंमत ठरते. पतंगावर केलेला मोहाचा आरोप माणसाच्या उपदेशासाठी होता, पक्षिणीवर केलेला मातृत्वाचा आरोप पक्षिणीच्या जिवासाठी आहे.

८. निष्कर्ष

वरील विवेचनातून निघणारे मुद्दे असे मांडता येतील. पहिला, जीवसृष्टीशी आध्यात्मिक संवाद म्हणजे प्राण्यांची वाणी ऐकू येणे, ही कल्पना संतपरंपरेच्या केंद्रस्थानी नाही. ती तिच्या लोकप्रिय कथांच्या पृष्ठभागावर आहे. दुसरा, अवधूताचे कीटकगुरू हे शिष्याच्या पाहण्यावर उभे आहेत. म्हणून ते पाहणे सुधारत गेले तर परंपरेचा अवमान होत नाही. उलट तिच्याच पद्धतीचे अनुसरण होते. तिसरा, दुसऱ्या जीवावर आपला अर्थ लादण्याचा धोका या पाहण्यात कायम असतो, आणि त्यावरचा उतारा ज्ञानेश्वरीतील अहिंसाविवेचनात व तुकोबांच्या स्तब्ध उभे राहण्यात आहे. चौथा, वाघदेव आणि नागपंचमीसारख्या लोकपरंपरांनी हाच विचार तत्त्वज्ञानाच्या भाषेत न मांडता वर्तनाच्या मर्यादांत जपला आहे. संतसाहित्याच्या अभ्यासक्रमात या परंपरांना ‘लोकसाहित्य’ म्हणून वेगळ्या पत्रिकेत ढकलण्याने दोन्हींचे नुकसान होते.

चारही प्रकारांना जोडणारे सूत्र एकच दिसते. संवाद सिद्ध होतो तो प्राणी बोलू लागल्याने नव्हे, तर माणसाचे वागणे बदलल्याने. ज्ञानेश्वरांच्या पाठीवरील वळ, चक्रधरांची मोकळी केलेली वाट, तुकोबांचे न हलणे आणि नागपंचमीला न चाललेला नांगर ही या संवादाची अक्षरे होत. पदव्युत्तर वर्गात संतवाङ्मय शिकवताना विद्यार्थ्याला ही अक्षरे वाचता आली, तर द्राक्षबागेतील ‘कीड’ या शब्दापाशी तो क्षणभर थांबेल. आणि मराठीने त्या जीवांना पूर्वी आणखी कोणती नावे दिली होती, याचा शोध घ्यावा असे त्याला वाटेल.